टिंब कोणतं, ठिपका कोणता

उषाच्या हातची कोणतीही गोष्ट पुरी झालेली चिचटोली गावाने पाहिली नव्हती. एक मुन्नी सोडून. आणि मुन्नीबद्दलही उषाच्या सासूचं, कौशल्याबाईंचं, म्हणणं असं होतं की, "ते देवानं केलं म्हणून पुरं झालं. हिच्यावर सोडलं असतं तं पोट्टीले एकच कान राहिला असता."

यात सासूचा दुष्टावा नव्हता, यात पुरावा होता. लग्न होऊन आल्या आल्या उषाने नवऱ्यासाठी, घनश्यामसाठी, स्वेटर विणायला घेतला होता. त्याला एक बाही झाली आणि मुन्नीची चाहूल लागली. खरेदी-विक्री सोसायटीत कारकुनी करणारा घनश्याम थंडीत तो तसाच घालून जाई आणि उघडा हात टेबलाखाली ठेवून डाव्या हाताने सह्या करी. उशीच्या अभ्र्यावर 'शुभ रात्री' भरायचं होतं, ते 'शुभ रा'वर थांबलं होतं. घनश्याम रोज त्या 'शुभ रा'वर डोकं टेकवी आणि उरलेलं मनातल्या मनात म्हणून झोपी जाई. नवरा सोसणारा होता. पण सोसणाऱ्या नवऱ्याचं एक असतं, तो काही बोलत नाही म्हणून त्याच्या वाटचं सगळं गाव बोलतं.

कारण उघड होतं, पण ते कारण म्हणून कोणी धरत नसे. मुन्नी आता धरून उभी राहायला लागली होती. झोप तिची चिमणीसारखी. पापणी मिटली न मिटली, तोच लाखनीकडून येणारा एखादा ट्रक रस्त्यावर भोंगा वाजवी, की संपलं. उषा सुई हातात घेई, दोरा ओवी आणि दोऱ्याला गाठ मारायच्या आत मुन्नीचं रडणं ऐकू येई. तिच्या जागी साक्षात विश्वकर्मा असता तरी त्याचीही बाही राहिली असती.

तर अशी ही उषा. आणि हिने महिला मंडळाच्या बैठकीत हात वर केला.

त्याचं असं झालं. मंडळाच्या बायकांनी भिशी जमवून लग्नकार्याची भांडी घेतली होती. भात शिजवायचे पितळी गंज, पाण्याचे गुंड, पराती, कढया, झारे. लग्न निघालं की लाखनीच्या दुकानदाराचं तोंड पाहायला नको, आपल्या गावची भांडी आपल्याच गावात भाड्याने मिळावी, असा बेत. समाजमंदिराची एक खोलीही मिळाली. फक्त दोन गोष्टी अडल्या होत्या. एक, नेलेलं भांडं परत कसं येणार? लग्नघरी गेलेला झारा पुन्हा दिसत नाही हा अनुभव, आणि यावर झालेली प्रत्येक बैठक भांडणात संपली होती. आणि दुसरी, पाटी. लाखनीचा पेंटर "उद्या येतो" म्हणाला होता, आणि पेंटरचा उद्या हा पंचांगात नसतो.

"मी करते पाटी," उषा म्हणाली. मुन्नी तेव्हा तिच्या कडेवर बसून तिच्याच कानातली रिंग ओढत होती.

कोणाला स्वेटर आठवला, कोणाला उशी. मंडळाच्या अध्यक्ष शकुनबाई घसा खाकरल्या. शकुनबाईंचा आवाज असा की त्यांनी अंगणातून म्हशीला हाक मारली तर रस्त्यावरचा ट्रकवाला ब्रेक दाबी.

"पाय उषा," त्या म्हणाल्या, "उद्घाटनाले साकोलीच्या साहेबांच्या मिसेस येऊन राहिल्या. तू 'महिला मं' लिवून सोडून देशील तं माह्या अब्रूचं काय व माय?"

बायका हसल्या. हसू द्या. पण मागे भिंतीला टेकून बसलेल्या कौशल्याबाईही पदर तोंडाला लावून हसल्या आणि ते उषाने पाहिलं. ते तिला लागलं.

"ही पाटी पुरी करीन," ती म्हणाली, "नाही झाली, तर पुन्हा कोणत्याच कामाला हात लावणार नाही."

"मंग सैपाक कोण करंल?" कौशल्याबाईंनी विचारलं. बैठक तिथेच बरखास्त झाली.

घनश्यामने सोसायटीतून एक जुना पत्रा मिळवला, त्याला पांढरा रंग दिला आणि काळ्या ऑइल पेंटचा डबा आणून ठेवला. मुन्नी झोपल्यावर उषाने कुंचला धरला. 'म'ची उभी काठी वरून खाली ओढायची होती. काठी अर्ध्यावर आली आणि मुन्नी रडली. काठी थेट पत्र्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथून जमिनीवर. पुसलं. पुन्हा ओढली. पुन्हा ट्रक. दुपार संपली तेव्हा पत्र्यावर 'म' नव्हता, पायघोळ शेपटीचं एक जनावर होतं. ते कौशल्याबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि फक्त "शेपूट बरी जमली" म्हणाल्या.

मुन्नीला पाजायला घेऊन उषा स्वयंपाकघरात बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. समोर तिच्या लग्नातला पितळी गुंड होता, पाण्याने भरलेला. त्याच्या गळ्याशी नाव होतं. 'चि. सौ. कां. उषा हिस मामाकडून सप्रेम भेट.' सगळं ठिपक्या-ठिपक्यांचं.

उषा भंडाऱ्याची, पितळेच्या गावची. भांड्यावर नावं घालणारा माणूस तिच्या माहेरच्या बोळात बसे. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडी. टक. मग तो पानाची पिंक टाके. टक. येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम. टक. गिऱ्हाइकाशी घासाघीस, विडी, खोकला, पुन्हा टक. एवढं सगळं करून अक्षर कधी बिघडत नसे. कारण त्याच्या अक्षरात रेघ नव्हतीच. होते ते ठिपके, आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागी पुरा.

रेघेला दम लागतो, उषाला कळलं. ठिपक्याला लागत नाही. ठिपका मुन्नीच्या दोन रडण्यांच्या मध्ये मावतो.

ती इतक्या झटक्याने उठली की मुन्नीने दूध सोडून तिच्याकडे पाहिलं.

ठिपका एकसारखा यायला हवा. बोट नको, काडी नको. शेवटी मुन्नीच्या ग्राईप वॉटरच्या बाटलीचं झाकण सापडलं. त्यात चिंधी कोंबली, रंगात टेकवली, पत्र्यावर ठेवली. गोल, गुबगुबीत, हसरा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. त्या दिवसापासून घरात एक नवीन चाल सुरू झाली. उषा भाजी ढवळी, एक ठिपका देई. दळण पाखडी, दोन ठिपके देई. मुन्नीला झोळीत झोका दिला की झोका जाऊन परत येईपर्यंत एक ठिपका होई. 'महिला'चा 'ला' असा भाताच्या पेजेवर पुरा झाला आणि 'मंडळ'चा 'ळ' मुन्नीच्या एका उचकीवर. आणि अक्षरं काय झाली होती! प्रत्येक अक्षर जणू गळ्यात मण्यांची माळ घालून लग्नाला निघालेलं.

पहिली तपासणी शेजारच्या भय्याजींनी केली. भय्याजी जंगलखात्यातून निवृत्त झालेले नाकेदार. नाक्यावर उभ्या आयुष्यात गाड्या तपासल्यामुळे आता गावात कोणाच्याही घरची वस्तू तपासल्याशिवाय त्यांना करमत नसे. ते पत्र्याच्या इतके जवळ आले की चश्म्याला रंग लागायचा राहिला.

"हे काय व सूनबाई? पाटीले गोवर आला का?"

"लांबून पाहा ना, काकाजी. लांबून अक्षर दिसते."

भय्याजी कुंपणापर्यंत मागे गेले. मान तिरपी केली. "हौ, दिसून राहिलं कायतरी. माह्या टीव्हीत बी असेच ठिपके येतात, अन् त्याच्या मांगं एक बाई बातम्या सांगते." गावातला पहिला टीव्ही भय्याजींचा होता. त्यात नागपूर आलं तर पाऊस पडल्यासारखं येई, पण भय्याजी ते कबूल करत नसत. "चांगलं हाय. पण दूर उभं राहून वाचाचं, असं खाली लिवून दे."

एवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वतःच्या फाटकासाठीही 'भय्याजी' असं ठिपक्यांत हवं, म्हणाले. त्यांचं पाहून शाळेच्या हेडमास्तरांना 'सुस्वागतम्' हवं झालं. रस्त्यावर चहाला थांबलेल्या एका ट्रकवाल्याला ट्रकच्या मागे 'आवाज दो' ठिपक्यांत हवं झालं. घनश्याम संध्याकाळी घरी आला तर दारात ट्रक उभा. सोसणाऱ्या नवऱ्यालाही काही मर्यादा असते. त्याने ट्रकवाल्याला चहा दिला आणि उद्घाटनानंतर या, म्हणून सांगितलं.

इकडे कौशल्याबाईंनी अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं होतं. पाटीही तिथेच वाळत होती. वारा सुटला. धानाचे दाणे उडून ओल्या ठिपक्यांवर बसले, आणि दाणे दिसल्यावर चिमण्या आल्या. उषा ओरडत धावली तोवर चिमण्यांनी 'महिला'चा 'म' जवळजवळ टिपून खाल्ला होता.

"म्या सांगतलं होतं, सावलीत ठेव," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी सांगितलं नव्हतं. पण घरातल्या मोठ्या माणसाने सगळंच आधी सांगितलेलं असतं, आपण फक्त ऐकलेलं नसतं.

उषाने 'म' पुन्हा दिला. रडली नाही. ठिपक्यांचा हाच गुण, गेला तर तेवढाच जातो.

यानंतर ग्रामपंचायत. समाजमंदिरावर पाटी लावायची तर परवानगी हवी, आणि परवानगी द्यायची तर ग्रामसेवकाने पाटी डोळ्यांनी पाहायला हवी. हे ग्रामसेवक सांगलीकडचे, नुकतेच बदलून आलेले. इथला उन्हाळा आणि इथली बोली, दोन्ही त्यांना अजून पचायची होती. ते उषाच्या अंगणात आले, खुर्चीवर बसले आणि पाटीवर पुढे काय लिहिणार तो कागद वाचू लागले. मजकूर शकुनबाईंनी स्वतः सांगितला होता.

" 'महिला मंडळ. लग्नासाठी गंज, गुंड...' " ग्रामसेवक थांबले. " '...गुंड भाड्याने मिळतील'?"

"हौ जी," उषा म्हणाली. "पाहिजे तेवढे. मोठे, लहान, सगळे आहेत."

"आणि ते महिला मंडळ देणार?"

"आमच्या समाजमंदिरात ठेवले आहेत ना. काल सगळ्या बायांनी मिळून चिंचेनं घासून काढले."

ग्रामसेवकांनी रुमालाने कपाळ पुसलं. "वहिनी, गुंड आमच्याकडंबी भाड्यानं मिळत्यात. पण आम्ही पाटी लावत न्हाई."

गुंड म्हणजे पाण्याचं पितळी भांडं हे त्यांना पटवायला उषाला स्वयंपाकघरातून मामाचा गुंड उचलून आणावा लागला. तो हातात धरून पाहिल्यावर ग्रामसेवक जरा सैल झाले. तरी, 'गुंड' हा शब्द शासकीय जागेवर नको, म्हणाले. साहेबांच्या मिसेस बाहेरच्या, त्यांचा गैरसमज व्हायला नको. सगळ्या भांड्यांना मिळून एक शब्द टाका, भांडी. मजकूर ठरला, 'लग्नाची भांडी भाड्याने मिळतील.'

मग ते झालेल्या अक्षरांकडे वळले, आणि खरी अडचण तिथे निघाली.

"हे काय आहे? मंडळ का मडळ?"

"मंडळ. वर टिंब आहे ना."

"कुठाय टिंब?"

"हे काय."

"हा तर ठिपका आहे. सगळेच ठिपके आहेत. यातलं टिंब कोणतं आन् ठिपका कोणता?"

उषाने पाटीकडे पाहिलं. माणूस अडवणारा असला तरी चुकीचा नव्हता. ठिपक्यांच्या अक्षरावर अनुस्वार बसला की तो गर्दीत हरवलेल्या पाहुण्यासारखा दिसे. भय्याजी कुंपणावरून म्हणाले, "गाववाल्याइले समजते जी!" ग्रामसेवक म्हणाले, "उद्या जिल्ह्याचं नाव लिहाल तर भंडाऱ्याचं भडारा होईल, मग जबाब मला द्यावा लागंल." शेवटी त्यांनीच तोडगा काढला. टिंब वेगळ्या रंगाचं द्या, लाल. लाल टिंब असेल तर परवानगी.

म्हणून लाल रंग घरात आला. आणि पुढचं सगळं त्या लाल रंगाने केलं.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी काळे ठिपके पुरे झाले. उरली दोनच लाल टिंबं, एक 'मंडळ'वर आणि एक 'भांडी'वर. उषाने पाटी भिंतीला टेकवून ठेवली, बाटलीचं झाकण धुतलं, लाल रंगात टेकवलं. 'मंडळ'. 'भांडी'. झालं.

ती मागे सरकून पाहत राहिली. पुरी झाली होती. सगळी. तिने घनश्यामला हाक मारली, तो आंघोळीत होता. सासूला हाक मारली, त्या मागे गोठ्यात होत्या. म्हणून ती स्वतःच त्यांना आणायला गोठ्याकडे धावली.

परत आल्या तेव्हा मुन्नी पाटीशी उभी होती. एका हाताने पाटी धरलेली, दुसरा हात लाल रंगाच्या वाटीतून नुकताच बाहेर आलेला. गालावर, कपाळावर, पोटावर, सगळीकडे लाल ठिपके. आईचं काम तिने जवळून पाहिलं होतं, आणि ते तिला पटलं होतं.

कुंपणापलीकडून भय्याजींनी नेमकं तेव्हाच डोकावलं. चश्मा त्यांनी घातलेला नव्हता.

"अगा बापा! म्या म्हटलं नव्हतं? पाटीचा गोवर पोट्टीले लागला!"

पुढे गाव आपोआप चाललं. भय्याजींनी विहिरीवर सांगितलं, विहिरीवरून ते गिरणीवर गेलं. थोड्या वेळात म्हाताऱ्या पार्वताबाई कडुनिंबाचा एवढा मोठा डहाळा घेऊन आल्या आणि दाराला बांधू लागल्या. शकुनबाई रस्त्यातूनच ओरडत आल्या, "उद्घाटन पुढं ढकलाचं का व? मिसेसले गोवर झाला तं साहेब काय म्हणतील?" कोणीतरी आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना निरोप दिला. नर्सबाई सायकलवरून घामाघूम होऊन आल्या, मुन्नीला उजेडात धरलं आणि एका ठिपक्यावर बोट फिरवलं. ठिपका बोटाला लागला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "गोवर पुसला जाते, हे सरकारी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं मी."

कौशल्याबाईंनी खोबरेल तेलाची बाटली आणली. पाच-सहा बायांनी मिळून मुन्नीला पुसायला घेतलं. मुन्नीला आपला एवढा सत्कार होतो आहे हे पाहून फारच आनंद झाला. ती हसली, ओरडली, आणि जिने जिने पुसलं तिच्या तिच्या पदराला थोडा थोडा गोवर लागला.

या गोंधळात घनश्याम आंघोळीहून आला. त्याने एकच शहाणपणाचं काम केलं. चिमण्या आणि मुन्नी, दोघींपासून वाचावं म्हणून पाटीपुढे बाज उभी करून तिच्यावर आईचं जुनं लुगडं टाकलं. पाटी झाकली गेली.

दुपारी सगळं निवल्यावर उषा लुगडं उचलायला गेली, तर शकुनबाईंनी तिचा हात धरला. "आता नको काढू. झाकलं हाय तं झाकलं राहू दे. उद्या मिसेसच काढतील. एवढ्या जणींची नजर लागली आज."

उषाने ऐकलं. तिला पक्कं माहीत होतं, पाटी पुरी झाली आहे. तिने पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी पाटी लुगड्याने झाकलेलीच नेऊन समाजमंदिरावर लावली, पुढे सतरंज्या टाकल्या, गुंडांवर गुंड रचले, चिंचेने घासलेलं पितळ असं झळकत होतं की पाहणाऱ्याला डोळे बारीक करावे लागत. साकोलीच्या मिसेस जीपमधून उतरल्या. हार झाला, नारळ झाला. उषा मुन्नीला घेऊन पहिल्या ओळीत बसली. आज पहिल्यांदाच तिच्या हातचं काही एक सगळं गाव बघणार होतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. बाजूला सासू.

मिसेसनी लुगडं ओढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेसनी चश्मा सावरला आणि माइकवर मोठ्याने वाचलं.

"महिला मंडळ. लग्नाची भांडी... भांड्याने मिळतील."

टाळ्या थांबल्या.

उषाने पाहिलं. 'मंडळ'वर लाल टिंब. 'भांडी'वर लाल टिंब. आणि 'भाड्याने'च्या डोक्यावर, थोडंसं तिरपं, थोडंसं लहान, तिसरं लाल टिंब. त्याच्यात बारीक बारीक रेघा होत्या. बाटलीच्या झाकणाला रेघा नसतात. रेघा असतात अंगठ्याला.

तिने मुन्नीकडे पाहिलं. मुन्नी तोच अंगठा चोखत होती.

शकुनबाईंनी उषाकडे असं पाहिलं की रस्त्यावरचा ट्रक थांबला असता. सासूने पदर तोंडाशी नेला. उषाला वाटलं, आता धरणीने दुभंगावं आणि मला आत घ्यावं, फक्त मुन्नीला बाहेर ठेवावं, तिची दुधाची वेळ झाली आहे.

"भांडी, भांड्याने!" मिसेस मात्र अजून पाटीकडेच पाहत होत्या. त्यांचा चेहरा फुलत गेला. "किती सुंदर कल्पना! म्हणजे आपलं एक भांडं ठेवा आणि लग्नाची भांडी न्या. आणि टिंब मुद्दाम लाल, लक्षात राहावं म्हणून. अक्षरंही भांड्यावरच्या नावासारखी! कोणी केली ही पाटी?"

मागून भय्याजी ओरडले, "आमची सूनबाई होय जी! लांबून पायल्यावर दिसते!"

साहेबांच्या मिसेसनी भर सभेत वाखाणलेली गोष्ट चूक आहे, असं सांगायची कोणाची छाती? शकुनबाईंनीही नाही सांगितलं. त्या हसल्या, आणि हसताना उषाला दातांतून म्हणाल्या, "उद्या पायतो तुले."

पण उद्या सकाळी उषाला पाहायला शकुनबाईंना सवड झाली नाही. खोलीच्या दारात पार्वताबाई बसल्या होत्या. नातीचं लग्न निघालं होतं, आणि पदराखाली एक पोचे पडलेला पितळी लोटा होता.

"हा घ्या लोटा. अन् मले गंज, पराती द्या."

"अवं बाई, भाडं लागते!" शकुनबाई म्हणाल्या. "लोटा कायले?"

"पाटीवर लिवलं हाय. त्या बाईनं वाचलं ना काल, सगळ्याइनं आयकलं."

"ते टिंब चुकून पडलं व!"

"टिंब कसं चुकून पडंल? लाल देल्लं हाय."

पार्वताबाईंच्या मागे आणखी दोघीजणी आपापलं भांडं घेऊन उभ्या होत्या. आवाज चढले. घनश्यामला सोसायटीत बोलावणं गेलं. उषा मुन्नीला घेऊन धावत आली, तिच्या मागे कौशल्याबाई. उषाच्या हातात पांढऱ्या रंगाची वाटी होती. टिंब पुसून टाकलं की भांडण मिटेल.

कौशल्याबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी पार्वताबाईंचा लोटा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. गळ्याशी ठिपक्यांत एक नाव होतं, झिजलेलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"कोणाचं नाव हाय व हे?"

"माह्या मायचं," पार्वताबाई म्हणाल्या. "तिच्या लग्नातला हाय. मले आंदण देल्ला."

"मंग हा तू इथं ठेवून जाशील?"

"ठेवून जाईन. पण परत नेईन ना व! मायचा लोटा कोण सोडते?"

कौशल्याबाई शकुनबाईंकडे वळल्या. "आयकलं? भाडं बी घे, अन् हा बी ठेव. गंज-पराती परत आल्या की लोटा द्याचा. लोट्यासाठी धावत येईल बुढी. इतल्या बैठका भांडल्या तुमी, भांडं परत कसं येईल, परत कसं येईल. हे पाय, असं येईल."

शकुनबाईंनी लोट्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. "अवं हौ..." त्या म्हणाल्या, आणि तेवढं त्यांच्या मानाने फार हळू होतं.

तोवर उषा स्टुलावर चढली होती. तिने चिंधी पांढऱ्या रंगात बुडवली आणि हात 'भाड्याने'वर नेला. खालून कोणीतरी तिचा पाय घट्ट धरला.

"काय करून राहिली?" कौशल्याबाई.

"चूक पुसते, मामी." सासूला ती मामी म्हणे, तिकडची रीत.

"पुसू नको. इतल्या दिवसांनी तुह्या हातचं एक काम पुरं झालं. शेवटलं टिंब पोट्टीनं देल्लं म्हणून काय झालं, घरचीच हाय ना? हे पुसशील तं पुन्हा अर्धवट होईल."

उषा स्टुलावर तशीच उभी राहिली. खाली मुन्नी आजीच्या कडेवर होती आणि पांढऱ्या वाटीकडे फार आशेने पाहत होती. कौशल्याबाईंनी ती वाटी सरकवून लांब ठेवली. यात मात्र त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पाटी पुढे वर्षानुवर्षं राहिली. खोलीत एका फळीवर मंडळाची भांडी आणि दुसऱ्या फळीवर कोणाकोणाच्या आयांचे, आज्यांचे, आत्यांचे लोटे, तांबे, फुलपात्रं, प्रत्येकावर ठिपक्यांत नाव. झारासुद्धा हरवला नाही. भय्याजींच्या फाटकावर 'भय्याजी' झालं, शाळेत 'सुस्वागतम्' झालं, आणि तो ट्रकवाला 'आवाज दो' लावून रायपूरपर्यंत जाऊन आला. तिकडे लोक मागून भोंगा वाजवायचे सोडून जवळ येऊन ठिपके मोजतात, अशी त्याने तक्रार केली. घनश्यामच्या स्वेटरला दुसरी बाही आली नाही. पण आता त्याने उघडा हात टेबलावर ठेवायला सुरुवात केली.

पहिल्याच मोसमात कोणी चुलीवरचे गंज काळेच्या काळे आणून दिले, तेव्हा शकुनबाईंनी उषाला हुकूम सोडला, आणखी एक पाटी कर, 'भांडी घासून परत करावी.' उषाने पत्रा घेतला, झाकण घेतलं, सुरुवात केली. 'भांडी' झालं, लाल टिंबासकट. 'घासून' झालं. आणि मुन्नी चालायला लागली.

ती पाटी तशीच टांगली आहे. 'भांडी घासून.' त्यापुढे पांढरा पत्रा. पण पहिल्या पाटीखाली लागली असल्यामुळे लोक '...मिळतील, भांडी घासून' असं सलग वाचतात, तिला कोणी अर्धवट म्हणत नाही, आणि भांडी येतात ती झळकतच येतात.